मचाणावरचं पानिपत

आमच्याकडं पुस्तक ठेवायला फळी नव्हती, कारण फळी ठोकायला भिंतच नव्हती. संसार होता तो घोडीच्या पाठीवर. चार भांडी, वाकळा, कोंबड्यांचं डालगं आणि त्या सगळ्याच्या वर सुंभानं बांधलेली मी. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरांच्या पुढं. आई घोडीचा कासरा धरून मागं. मोठा भाऊ, दादा, कोकरं सांभाळत मधे. दिवाळी झाली की भीमेचा काठ सोडायचा, पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. ज्याच्या रानात मेंढरं बसतील, लेंड्यांचं खत पडेल, तो शेतकरी धान्य द्यायचा, त्यावर चूल पेटायची. कुणी लगेच दिलं, कुणी उद्या या म्हणालं. उद्या आम्ही पुढच्या गावी असायचो. थंडीला घोंगडं, उन्हाला घोंगडं, पावसालाही घोंगडंच. ओलं झालेलं घोंगडं अंगावर किती जड होतं, हे ज्यानं पांघरलंय त्यालाच ठाऊक.

माझ्या पाठची एक बहीण अशाच एका मुक्कामावर तापानं गेली. कुठल्या मुक्कामावर, हे आईला सांगता यायचं नाही. ती त्या दिवसांत स्वतःच तापानं फणफणलेली. “पाणी वाजत व्हतं जवळ. आन् बाभळी व्हत्या,” एवढंच म्हणायची. पाणी आणि बाभळी कुठं नसतात? आबांना विचारलं तर ते उठून बाहेर जायचे.

मी शाळेच्या वयाची झाले, थोडी वर झाले, तेव्हा आबांनी मेंढरं विकली. दौंड तालुक्यात, भीमेच्या अलीकडं, आजोबांच्या नावावर एक कोरडवाहू तुकडा पडून होता, तिथं येऊन त्यांनी खोप घातली. “पोरांस्नी एका जागी ठिवायचं,” एवढंच बोलले. दादाला उशीर झाला होता. तो मोठा होऊन कुरकुंभच्या कंपनीत ड्रम उचलायला लागला. मला मात्र शाळा लागली ती लागलीच.

हे सगळं आठवलं ते परवा एसटीत. दौंडहून शिरूरला चालले होते. पूल ओलांडला आणि रस्त्याच्या कडेला ज्वारीचं एक रान दिसलं. आता ज्वारी कमीच दिसते, जिकडं तिकडं ऊस. पण हे रान होतं, कणसं निसवून भरायला लागलेली, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चकचकीत फिती ताणलेल्या. वाऱ्यानं त्या फडफडत होत्या, उन्हात चमकत होत्या. पाखरं म्हणे त्यांना भितात. रानात माणूस नव्हतं. मचाण नव्हतं. हाळी नव्हती. माझ्या घशात मात्र काहीतरी हललं. पौषात ज्वारी भरायला लागली की माझ्या घशाला अजून असं होतं, कारण इतिहास मी डोळ्यांनी नंतर वाचला, आधी घशानं वाचला.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतला तो हंगाम. माझी बारावी झाली होती. पास झाले होते, चांगल्या मार्कांनी झाले होते, आणि तरी घरीच होते. मामांनी, आईच्या भावानं, एक स्थळ आणलं होतं. ज्वारी निघाली की बोलणी पक्की करायची असं ठरत आलं होतं. मला शिरूरच्या कॉलेजात जायचं होतं. हे मी आईला सांगितलं होतं, आईनं आबांना सांगितलं होतं, आणि आबा “बघू” म्हणाले होते. आमच्याकडं ‘बघू’ म्हणजे नाहीच. फक्त त्याला आवाज कमी असतो.

त्याच दिवसांत दादा शिफ्ट सुटल्यावर दौंडच्या एका रद्दीवाल्याकडनं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. “पुड्या बांधायला ठिवलं व्हतं त्यानं. म्होरची पानं न्हाईत, पर जाड हाय. तुला हंगामभर पुरंल.” मराठ्यांच्या राज्याचा इतिहास होता तो. मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही. कुणी लिहिलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पुस्तक एकदम एका फौजेच्या मुक्कामापासून सुरू व्हायचं. आणि तिथंच मी अडकले. फौज कुठं उतरली, कुठल्या नदीच्या कुठल्या काठाला, गावाच्या कुठल्या अंगाला, तिथून कुठं हलली, सगळं नावानिशी. आम्हीही मुक्काम करतच वाढलो होतो. पण मुक्कामाला नाव असतं, ते कुणीतरी लिहून ठेवतं, आणि मग कितीही वर्षांनी कुणालाही सांगता येतं की हे इथं झालं, हे मला नवीन होतं. लोकांना राजे, लढाया आवडतात. मला आधी मुक्काम आवडले.

राखणीचं काम माझ्याकडं. चार मेढी रोवून त्यावर फळ्या बांधलेलं मचाण, वर सावलीला आबांचं जुनं घोंगडं, हातात गोफण, पायाशी खड्यांचा ढीग. कणसं चिकात आली, दाण्यात दूध भरलं की भोरड्या उतरतात. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाखरं. येतात ती थव्यानं, आभाळात काळं कापड झटकावं तशी. एक थवा बसून उठला की कणसाचं नुसतं बुरकुंडं, दाण्यांविना दांडा, राहतं. म्हणून दिवसभर हाकारे घालायचे, पत्रा वाजवायचा, गोफण फिरवायची. मी पुस्तक घेऊन वर बसले ती पहिल्याच दिवशी पुस्तकात उतरले. खालून आबांचा आवाज आला.

“हिरे! तोंड बंद ठिवून वाचती व्हय? पाखरास्नी काय ऐकू जायाचं?”

“आबा, मनात वाचायचं असतं.”

“मनात वाचून जोंधळा राखून व्हतो व्हय? मोठ्यानं वाच. पाखरंबी उडतील, आन् मलाबी कळंल काय चाललंय ते.”

मी मोठ्यानं वाचायला लागले. सुरुवातीला लाज वाटली. मग लाज गेली आणि आवाज राहिला. थवा लांब असला की साध्या आवाजात वाचायचं, थवा वळला की आवाज चढवायचा, बसायला लागला की अक्षरशः बोंबलायचं. त्यामुळं कुठलं वाक्य मोठं आणि कुठलं लहान हे भोरड्या ठरवायच्या. एखादा मोठा सरदार पडायचा तेव्हा आभाळ मोकळं असायचं, तो गुपचूप मरून जायचा. आणि तहातलं एखादं कोरडं कलम, अमुक परगणा अमक्याकडं राहील, हे मी सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडायची. पुढं कॉलेजात जाड जाड पुस्तकं वाचताना मला ते आठवायचं. कुठल्या गोष्टीला एक पान आणि कुठल्या गोष्टीला एक ओळ, हे कुणी ठरवलं असेल? त्यांच्याही रानात कसलीतरी पाखरं उतरत असतील का, की ज्यांच्या भीतीनं एका वाक्याला आवाज मिळाला आणि दुसऱ्याला नाही?

आमच्या बांधाला लागून आप्पांचं रान. गावातले मोठे शेतकरी, नदीकाठी बागायत, सोसायटीत वजन. पण वरच्या रानातल्या ज्वारीवर हौसेनं स्वतः मचाणावर बसायचे. त्यांना वारा असेल तेवढाच इतिहास ऐकू जायचा. संध्याकाळी विहिरीवर गाठ पडली की विचारायचे, “काय गं हिरा, दुपारच्याला त्या तहाचं काय ठरलं? वारं फिरलं आन् माझं अर्धं राज्य गेलं बघ.” मी सांगायची. एकदा ते आबांकडं वळून मिशीतल्या मिशीत हसले.

“आबा, आमच्या समद्या पावण्यांची नावं आली ह्यात. तुमची मंडळी काय अजून दिसंना?”

आबा बादली ओढत शांतपणे म्हणाले, “आमी कशाला येतोय आप्पा? फौज दिसली की मेंढरं घिऊन डोंगराआड. घावलो आसतो तर तुमच्या पावण्यांच्या पातेल्यात आसतो.”

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र रात्रीच्या भाकरीपर्यंत त्यावर विचार करत राहिले. आबांना पुस्तकात एकच गोष्ट हवी असायची. कोण जिंकलं हे ते विचारायचेच नाहीत. “जनावरं काय खात व्हती?” हा त्यांचा प्रश्न. येवढी घोडी, येवढे बैल, उंट, हत्ती, वैरण कुठली? पाणी कुठलं? पुस्तकात ते क्वचितच असायचं. “न्हाई लिवलं आबा,” मी म्हणायची. “मंग अर्धंच लिवलंय,” ते म्हणायचे आणि खुरपं उचलायचे. भूगोलाची मात्र त्यांना काहीच कल्पना नव्हती. पानिपत नगरच्या पलीकडं, दोन मुक्कामांवर असेल अशी त्यांची पक्की समजूत. मी उत्तरेला हात केला आणि म्हटलं, दौंडावरनं रेल्वेत बसलं तर दिवस, रात्र आणि वर आणखी काही तास लागतील. त्यांनी बराच वेळ त्या दिशेला बघितलं. “चालत गेले व्हय येवढं? बायका-पोरं घिऊन?”

“बायका-पोरं होती आबा. यात्रेकरूबी होते.”

त्यानंतर त्यांची चाल बदलली. खुरपायला ते मचाणाजवळच्या ओळी धरायला लागले.

पुस्तकात संक्रांत जवळ आली आणि आमच्या शिवारातही. आई तीळ निवडत होती, ज्वारीत दाणा घट्ट व्हायला लागला होता. पुस्तकातली फौज कोंडली गेली होती. वाटा बंद, रसद बंद. आणि इथं मात्र लिहिणाऱ्यानं सगळं लिहिलं होतं. वैरण संपली. झाडांचा पाला संपला, साली संपल्या. घोडी जागच्या जागी बसायला लागली. मी वाचत होते आणि आबा ओळीत खुरपं हातात धरून नुसते उभे होते. जनावरं काय खात होती, या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदाच येत होतं. मग त्यापुढची ओळ आली. छावणीतली लहान पोरं.

माझा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. पुढचं मी मनात वाचलं. लढाई, दुपार, धूळ, आणि मग संपलंच सगळं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भोरड्या कधी उतरल्या ते मला कळलं नाही. कळलं ते आप्पांच्या ओरडण्यानं. “आरं आबा! कोपरा गेला तुजा, कोपरा!” मी मान वर केली तर रानाचा ओढ्याकडचा कोपरा काळा झालेला, हलत होता. गोफण उचलली, ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. आबाच धावले, पत्रा बडवला. थवा उठला. कणसांची नुसती बुरकुंडं उभी राहिली.

आता बोलणी बसणार म्हणून मी खाली मान घालून बसले. आबा मचाणापाशी आले. ते कधी वर चढत नसत. त्या दिवशी चढले. शेजारी बसले, दम खाल्ला.

“हारले व्हय?”

मी मान हलवली.

“पोरं?”

त्यांनी गोफणीत खडा घातला, फिरवला, सोडला. खडा कुठल्याच पाखराच्या दिशेनं गेला नाही. मग समोर बघतच ते बोलले, जसं एखाद्याला वाट सांगावी तसं.

“कुकडीच्या काठाला. निमगावच्या वरच्या अंगाला नदी वळती, तिथं. दोन बाभळी आन् एक हिवर. हिवराच्या बुडाला दगड हाय, आडवा. मीच ठिवलाय.”

पाणी आणि बाभळी. माझ्या पाठची बहीण.

“आईला सांगितलं न्हाई तुम्ही.”

“सांगितलं आसतं तर ती तिथनं उठली नसती. मेंढरं म्होरं काढायची व्हती.” दुसरा खडा उचलून म्हणाले, “मंग म्हटलं, नंतर सांगू. नंतर जीभच उचलंना.”

थवा पुन्हा ओढ्यावरून वळताना दिसला. आबांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक सरळ केलं. उलटं झालं होतं.

“वाच आता. जिथं थांबलीस तिथनं. हारल्यालंबी मोठ्यानं वाचायचं. पाखरं काय तेवढ्यापुरती थांबत न्हाईत.”

मी वाचलं. रडत वाचलं, पण मोठ्यानं. त्या संध्याकाळी आबा चुलीपुढं बसले आणि त्यांनी आईला तेच सांगितलं, त्याच शब्दांत: नदीचं वळण, दोन बाभळी, एक हिवर, आडवा दगड. आई भाकरी थापत होती. भाकरी थापून झाली, तव्यावर टाकली, उलटली. मग म्हणाली, “हिवर. मला वाटलं समद्या बाभळीच.” आणि पदर तोंडाला लावला.

त्यानंतर चारदोन दिवसांनीच मामा पाहुण्यांना घेऊन हुरडा खायला रानात आले. हुरड्याचं निमित्त, मुलगी बघायची. मुलाचे वडील फेटा बांधलेले, बोलायला बरे. गोवऱ्यांच्या आगटीभोवती बसले, गरम हुरडा हातावर चोळत म्हणाले, “पोरगी चांगली हाय. आवाज तेवढा लई लांब जातो म्हणं. नदीपल्याड ऐकू येतो. आमच्याकडं बायामाणसं येवढ्या मोठ्यानं बोलत न्हाईत.”

मामा गडबडीनं हसले. “राखणीपुरतं हो पावणं. घरात लई गरीब हाय.”

आबा कणीस भाजत होते. त्यांनी ते फिरवलं, राखेत खुपसलं, पुन्हा काढलं. मला वाटलं, आता ‘बघू’ म्हणतील.

“हिरा,” ते म्हणाले, “काल कुठं थांबली व्हतीस?”

“लढाईनंतर. माणसं परत यायला लागली, तिथं.”

“चढ वर. वाच.”

मी मचाणावर चढले आणि वाचायला लागले. पाखरं नव्हती. तरी मी आवाज कमी केला नाही. हरलेली माणसं एकेकट्यानं, पायी, महिनोन्महिने चालत कशी परत येत होती, ते मी त्या पाहुण्यांना, मामांना, आगटीला आणि सगळ्या शिवाराला वाचून दाखवलं. पाहुण्यांचा हुरडा हातात तसाच राहिला. शेवटी त्यांनी विचारलं, “मंग? घरच्यांस्नी कळलं कवा?”

“कुणाला कळलं, कुणाला कळलंच न्हाई,” आबा म्हणाले. आणि मग मामांकडं बघून, नेहमीच्याच आवाजात, “लगीन काय, म्होरल्या सालीबी व्हईल. हिला शिरूरला घालायची. ह्ये वाचायचं राहिलं तर राहिलंच.”

मामा दोन वर्षं बोलले नाहीत आमच्याशी. पाहुणे मात्र जाताना म्हणाले, “मुलाला आमच्या वाचाय येत न्हाई येवढं. जमलं नसतंच.” मला त्या माणसाचा राग नाही. हुरडा खाता खाता थांबलेला त्यांचा हात मला अजून दिसतो.

शिरूरच्या कॉलेजातलं वाचनालय म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच होती. आवाज करायचा नाही. मी इतिहासाचं पुस्तक उघडलं की ओठ हलायचे आणि मग नकळत शब्द बाहेर यायचे. आमच्या बाजूची एक मैत्रीण समोरच्या बाकावरून म्हणायची, “हिराबाई, उडाली बरं का पाखरं, आता बास.” आज शाळेत शिकवते तेव्हाही शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घेतात. नववीच्या मुलांना मी सांगते, नावं मोठ्यानं घ्या, गावांचीसुद्धा. मुलं हसतात. मुलांना काय, कशालाही हसतात.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी, थंडीत, आई, आबा आणि मी निमगावला गेलो होतो. एसटीनं आणि पुढं चालत. एक बाभळ तोडलेली होती. बाभळीसारखाच काटेरी हिवर मात्र होता. दगड अर्धा मातीत गेला होता, पण आडवाच होता. आईनं त्यावरची माती हातानं झाडली, बाजूला बसली. आबा लांब उभे होते, मेंढरं राखताना उभे राहायचे तसे, काठीवर हनुवटी टेकवून. पाणी वाजत होतं. आई म्हणाली होती तसंच.

आबा गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. ते पुस्तक माझ्याकडं आहे, आता फळीवर आहे. पानिपतच्या पानावर पिवळा डाग आहे, तो चिकाचा. त्याच्या पुढची पानं मी अजूनही मनात वाचू शकत नाही. घरात कुणी नसलं की मोठ्यानं वाचते, असलं तरी वाचते.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी मी शिरूरहून थेट रानात गेले. उन्हाळा सरत आला होता, रान नांगरून पडलेलं, मचाण केव्हाच सोडलेलं, आभाळात पाखरू नव्हतं. आबा ढेकळं फोडत होते. त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं होतं. मी जवळ जाऊन सांगितलं.

“मोठ्यानं सांग,” ते म्हणाले. मग पलीकडच्या रानाकडं बघून, “आप्पांनाबी जाऊ दे ऐकू.”

मी मोठ्यानं सांगितलं. इतिहास हा विषय घेऊन मी बी.ए. झाले. आमच्या घरात मी पहिली.